माध्यमिक गणिताच्या ‘घसरणी’चा प्रतिवाद

तिसरी ३०६, पाचवी २८४, आठवी २५५, दहावी २१६. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी देशभर घेतलेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणातले गणिताचे हे सरासरी अंक. ७२० जिल्हे, १ लाख १८ हजार शाळा आणि सुमारे ३४ लाख विद्यार्थी एवढा त्या चाचणीचा पसारा होता. पुढच्या मे महिन्यात अहवाल प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून हे चार आकडे एका ओळीत मांडून दोन विधाने केली जातात. पहिले असे की मूल वरच्या वर्गात जाते तसे त्याचे गणित कच्चे होत जाते आणि दहावीपर्यंत ते कोसळते. दुसरे असे की आजची माध्यमिक शाळेतली मुले पूर्वीच्या मुलांपेक्षा गणितात मागे पडली आहेत. दोन्ही विधाने इतक्या ठामपणे आणि इतक्या वेळा केली गेली आहेत की त्यांना पुरावा मागणेच थांबले आहे. हाती असलेला पुरावा मात्र त्यांना पुरा पडत नाही. तो जे दाखवतो ते वेगळे आहे, आणि कमी गंभीर नाही.

पहिल्या विधानापासून सुरुवात करावी. २१६ हे पाचशेपैकी मिळालेले गुण आहेत असे समजून त्याचे ४३ टक्के केले जातात. इथेच वाचन चुकते. शून्य ते पाचशे ही मापनश्रेणी आहे. प्रश्नांची काठिण्यपातळी लक्षात घेऊन विद्यार्थ्याचे स्थान तिच्यावर ठरवले जाते. उत्तरपत्रिकेवरच्या लाल शाईतल्या गुणांशी त्याचा थेट संबंध नसतो. शिवाय तिसरीच्या मुलाने सोडवलेली प्रश्नपत्रिका आणि दहावीच्या मुलाने सोडवलेली प्रश्नपत्रिका यांत काहीच समान नाही. एकीकडे दोन अंकी बेरीज आणि आकृत्यांची ओळख, दुसरीकडे वर्गसमीकरणे, त्रिकोणमिती आणि वर्तुळाचे गुणधर्म. दोन्हीकडे ‘गणित’ हेच नाव असले तरी प्रत्येक इयत्तेची अपेक्षा वेगळी आणि मोजपट्टी त्या अपेक्षेला बांधलेली. पोहण्यात तीस मीटर आणि चढाईत वीस मीटर अशी नोंद पाहून माणूस दहा मीटरने खचला असे कोणी म्हणत नाही.

तरीही एक गोष्ट उरते, आणि ती महत्त्वाची आहे. चारही गटांतली मुले वेगवेगळी आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये दहावीत असलेले मूल २०१४-१५ मध्ये तिसरीत होते. त्या वेळी त्याला किती गणित येत होते, याची नोंद या सर्वेक्षणात नाही. ‘मूल वर जाते तसे घसरते’ हे वाक्य एकाच मुलाचा प्रवास सांगते. आकडे मात्र एकाच दिवशी चार वेगळ्या वर्गांत डोकावून घेतलेले आहेत. प्रवास मोजायचा तर त्याच मुलांकडे दर दोन-तीन वर्षांनी परत जावे लागते, आणि या सर्वेक्षणाची रचना तशी नाही.

त्या दिवसाची परिस्थितीही बाजूला ठेवता येत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. २०२१ च्या नोव्हेंबरात दहावीत बसलेल्या मुलाची नववी बहुतांशी घरी गेली होती. त्या काळात घरात एक मोबाइल आणि त्यावर हक्क सांगणारी तीन भावंडे हे चित्र अपवादाचे नव्हते. महाराष्ट्रात ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे आणि शहरांतले आठवीपासूनचे वर्ग राज्यभर उघडले ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी. चाचणी झाली सहा आठवड्यांच्या आत, आणि मध्ये दिवाळीची सुटी. अशा मुलांचा अंक हा त्यांनी भोगलेल्या दीड वर्षाची नोंद आहे. त्यावरून माध्यमिक गणिताच्या अध्यापनाविषयी कायमचा निवाडा देणे म्हणजे तापातून उठलेल्याचे वजन करून त्याची प्रकृती ठरवणे होय.

आता दुसरे विधान, म्हणजे पिढ्यांची तुलना. यासाठी २०१७, २०२१ आणि २०२४ अशा तीन सर्वेक्षणांचे दाखले दिले जातात. आठवीचे गणित २०१७ मध्ये २६९ होते, २०२१ मध्ये २५५ झाले; आणि २०२४ मध्ये नववीला सरासरी ३७ टक्केच प्रश्न बरोबर आले. ओळीने वाचले की उताराचा आलेख आपोआप डोळ्यांपुढे उभा राहतो. पण या तीन बिंदूंना जोडणारी रेघ काढता येत नाही.

२०१७ च्या नोव्हेंबरात तिसरी, पाचवी आणि आठवीची जी चाचणी झाली तीत फक्त सरकारी आणि अनुदानित शाळा होत्या. २०२१ मध्ये विनाअनुदानित खासगी शाळाही आल्या. म्हणजे ज्यांची सरासरी काढली तो समूहच बदलला. खासगी शाळांतली मुले सरासरीने थोड्या बऱ्या परिस्थितीतल्या घरांतून येतात, त्यामुळे त्यांच्या समावेशाने अंक वर सरकण्याचाच संभव अधिक. तसे असेल तर सरकारी शाळांमधली खरी घट १४ अंकांहून मोठीही असू शकेल. प्रतिवाद करणाऱ्याने हे लपवू नये. मुद्दा घट कमी दाखवण्याचा नाही. या दोन अंकांच्या वजाबाकीतून कोणताच ठाम निष्कर्ष, सोयीचा वा गैरसोयीचा, निघत नाही हा आहे.

२०२४ चे सर्वेक्षण तर घडणीनेच वेगळे. ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राने ४ डिसेंबर २०२४ रोजी घेतलेली ही चाचणी तिसरी, सहावी आणि नववीची होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय वर्षांचे नवे टप्पे पाडले: दुसरीला पायाभूत टप्पा संपतो, पाचवीला पूर्वतयारीचा, आठवीला मध्य टप्पा. चाचणी पुढच्या इयत्तेत घेतली गेली, पण मोजले गेले ते मागच्या टप्प्याचे शिक्षण. नववीच्या ३७ टक्क्यांत नववीच्या पाठ्यपुस्तकातली बहुपदी किंवा संचाचे प्रकरण शोधू नये. तो अंक आठवीअखेर यायला हव्या होत्या त्या क्षमतांचा आहे. २०२१ ला दहावी, २०२४ ला नववी. तिथे दहावीची अपेक्षा, इथे आठवीची. तिथे पाचशेची श्रेणी, इथे बरोबर उत्तरांचे शेकडा प्रमाण. या दोहोंची तुलना करून ‘आणखी घसरण’ असे लिहिणाऱ्याने आधी कोणती दोन परिमाणे एकमेकांतून वजा केली ते सांगावे. शेकडा प्रमाण स्वतःही काठिण्यपातळीवर अवलंबून असते. प्रश्न जरा सोपे काढले की ३७ चे ५० होतात, मुले तीच राहतात.

उलट बाजूने येणारा दावाही तितकाच पोकळ आहे, आणि महाराष्ट्रात तो जास्त ऐकू येतो: दहावीचा निकाल नव्वदीपार गेला, तेव्हा गणित सुधारलेच असणार. राज्य मंडळाच्या दहावीच्या निकालाची तीन वर्षे पाहावीत. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के, २०१९ मध्ये ७७.१०, २०२० मध्ये ९५.३०. एका वर्षात राज्यातली मुले बारा टक्क्यांनी मंदावली आणि पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी हुशार झाली, असे कोणीही मानणार नाही. २०१९ च्या परीक्षेत भाषांच्या तोंडी परीक्षेचे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. निकाल हलला तो मुख्यतः नियमामुळे. २०२१ मध्ये तर लेखी परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. गणितात आजही ऐंशी गुणांची लेखी परीक्षा, चाळीस बीजगणिताचे आणि चाळीस भूमितीचे, आणि वीस गुण शाळेच्या हातात. ते वीस गुण किती उदारपणे दिले जातात हे शिक्षकालाही ठाऊक असते आणि पालकालाही. केंद्रीय मंडळाने २०२० पासून दहावीला ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ अशा गणिताच्या दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका ठेवल्या. त्यानंतरच्या गणिताच्या निकालाची आधीच्या निकालाशी तुलनाच उरली नाही. मंडळाची परीक्षा विद्यार्थ्याला पुढे जाण्याची परवानगी देण्यासाठी असते. काळाच्या ओघात ज्ञान वाढले की घटले हे सांगण्यासाठी ती बनवलेलीच नाही, आणि त्या कामाला तिला जुंपणे हा तिच्यावरही अन्याय आहे.

कल मोजायचा असेल तर काय लागते, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय मूल्यमापनावरून दिसते. तिथे दीर्घकालीन कलाची गणित चाचणी १९७३ पासून ९, १३ आणि १७ वर्षांच्या मुलांना दिली गेली. दर फेरीत आधीच्या फेरीतले काही प्रश्न जसेच्या तसे ठेवायचे, ते कधी उघड करायचे नाहीत, आणि त्या सामाईक प्रश्नांच्या आधारे जुनी श्रेणी नवीला जोडायची, ही तिची पद्धत. चाचणीचा प्रत्येक अंक त्रुटीच्या मर्यादेसह छापला जातो.

आणि इतके करूनही सरासरी फसवते. १७ वर्षांच्या मुलांचा सरासरी अंक १९७३ मध्ये ३०४ होता आणि २०१२ मध्ये ३०६. चाळीस वर्षांत दोन अंक. संख्याशास्त्राच्या दृष्टीने काहीच बदल नाही. अमेरिकी माध्यमिक शाळा चार दशके जागच्या जागी थांबल्या, असा निष्कर्ष तिथल्या असंख्य भाषणांत काढला गेला. आता त्याच चाचणीतले गट वेगळे करून पाहावेत. गोऱ्या विद्यार्थ्यांचा अंक ३१० वरून ३१४ झाला, कृष्णवर्णीयांचा २७० वरून २८८, हिस्पॅनिक विद्यार्थ्यांचा २७७ वरून २९४. तिन्ही गट पुढे गेले, दोन तर बरेच पुढे गेले, आणि एकत्रित सरासरी मात्र जवळपास हलली नाही. कारण या काळात १७ वर्षांच्या विद्यार्थ्यांची घडण बदलली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांतले चार-पंचमांशांहून अधिक गोरे होते. २०१२ मध्ये निम्म्याहून थोडेच जास्त. ज्यांना पिढ्यानुपिढ्या निकृष्ट शाळा मिळाल्या त्या घरांतली मुले वर्गात वाढली, ती स्वतः झपाट्याने सुधारली, आणि तरी त्यांच्या येण्याने सरासरी खाली ओढली गेली.

संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. हिशेब साधा आहे. दहा मुलांच्या वर्गात आठ जणांना ७० आणि दोघांना ४० गुण असतील तर सरासरी ६४. काही वर्षांनी त्याच वर्गात पहिल्या प्रकारच्या घरांतली पाच आणि दुसऱ्या प्रकारच्या घरांतली पाच मुले आहेत. पहिल्यांना ७२, दुसऱ्यांना ५०. दोन्ही गट सुधारले. सरासरी ६१.

भारताला हा हिशेब अमेरिकेपेक्षा अधिक लागू पडतो. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच सुमारास माध्यमिक शिक्षणाच्या प्रसारासाठी राष्ट्रीय अभियान सुरू झाले. ज्या घरांत आधी कोणी सातवीच्या पुढे गेले नव्हते त्या घरांतली मुलगी आज नववीच्या वर्गात बसते. ऊसतोड कामगाराचा मुलगा, पाड्यावरून आश्रमशाळेत आलेली मुलगी, वीटभट्टीवरून हंगामानंतर परतणारी भावंडे पूर्वी दहावीच्या सरासरीत नसत, कारण ती दहावीपर्यंत पोचतच नसत. गणित ‘घसरले’ असे म्हणताना तुलना कोणाशी केली जाते? पूर्वीच्या वर्गात बसू शकलेल्या निवडक मुलांशी. गाळून उरलेल्यांची सरासरी नेहमीच चांगली दिसते. जे गाळले गेले त्यांच्या नावापुढे कोणताच अंक लिहिला गेला नाही, आणि त्या कोऱ्या जागेला ‘जुना दर्जा’ म्हणणे या मुलांवर दुहेरी अन्याय करते.

चाचणी किती मनापासून दिली जाते हाही प्रश्न आहे. शांघाय आणि अमेरिका इथल्या माध्यमिक विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २५ प्रश्नांच्या गणित चाचणीच्या तोंडावर काही मुलांना २५ डॉलरचे पाकीट दिले गेले आणि प्रत्येक चुकीमागे एक डॉलर परत घेतला जाईल असे सांगितले गेले. शांघायच्या मुलांचे गुण बदलले नाहीत. अमेरिकेच्या मुलांचे वाढले. अभ्यासाला वेळच नव्हता, त्यामुळे वाढले ते ज्ञान नव्हे, प्रयत्न. भारतात हा दोष उलट्या दिशेने शिरतो. सर्वेक्षणाच्या अंकाने मुलाचे काही बनत-बिघडत नाही, राज्याचे मात्र बनते. केंद्राच्या कामगिरी श्रेणी निर्देशांकाच्या पहिल्या आवृत्तीत एकूण १००० गुणांपैकी १८० गुण या सर्वेक्षणातल्या संपादणुकीला होते. मग सर्वेक्षणाआधीचे आठवडे सराव चाचण्यांत जातात, ओएमआर पत्रिकेचे गोळे रंगवण्याची तालीम होते, केंद्रप्रमुखांकडून नमुना प्रश्नसंच येतात. डग जॉन्सन आणि आंद्रेस पराडो यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राष्ट्रीय सर्वेक्षणाचे राज्यनिहाय अंक इतर स्वतंत्र पाहण्यांशी ताडून पाहिले. सर्वेक्षणाच्या सरासऱ्या फुगलेल्या आहेत आणि राज्यांच्या क्रमवारीसाठी त्यांचा फारसा उपयोग नाही, असे त्यांना आढळले. ज्या चाचणीच्या एका फेरीवरही भरवसा ठेवताना जपावे लागते, तिच्या दोन फेऱ्यांच्या फरकावर धोरण उभे करणे धोक्याचे आहे.

मग काळानुसार तुलना करण्याजोगे काही आहे की नाही? एक आहे, जरी ते सरकारी नाही आणि माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यापर्यंतच पोचते. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारी ‘असर’ पाहणी गावात घरोघरी जाऊन प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून तपासते. शाळेत न जाणारे मूलही तीत येते. तिची सर्वांत वरची पायरी म्हणजे तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. हे काम वर्षानुवर्षे तेच आहे. ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी हा भागाकार जमणाऱ्यांचे प्रमाण २०१४ ते २०१८ या काळात ४४ टक्क्यांच्या आसपास राहिले. २०२२ मध्ये ते ४४.७ होते, २०२४ मध्ये ४५.८. करोनाकाळाचा फटका खालच्या इयत्तांत दिसला आणि भरूनही निघाला: पाचवीत हे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे २८ टक्के होते, २०२२ मध्ये २५.६ झाले आणि २०२४ मध्ये ३०.७ वर पोचले.

याच पाहणीत घसरणीच्या बाजूचा एक खराखुरा पुरावाही आहे. आठवीच्या भागाकाराचे प्रमाण २०१० नंतरच्या दोन वर्षांत ठळकपणे खाली आले, आणि तो काळ शिक्षणहक्क कायद्याच्या अंमलबजावणीचा आहे. आठवीपर्यंत नापास न करण्याच्या धोरणाला दोष देणारे याकडे बोट दाखवतात आणि त्यांचे बोट चुकीच्या जागी आहे असे म्हणता येत नाही. परंतु त्याच वर्षांत गळतीही कमी होत होती. पूर्वी पाचवी-सहावीत शाळा सोडणारी मुले आठवीच्या गणतीत येऊ लागली होती. किती घट शिकवण्यातली आणि किती वर्गाच्या बदलत्या घडणीतली, हे त्या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत पुन्हा नापास करण्याची मुभा राज्यांना दिली. ज्या मुलाला चौथीत भागाकार समजला नाही त्याला आठवीत आणखी एक वर्ष बसवल्याने तो समजेल, याचा पुरावा या पाहणीत कुठेही नाही.

दहा वर्षांच्या या अंकांत कोसळणे नाही. त्यांत एक दीर्घ, हट्टी साचलेपण आहे: निम्म्याहून अधिक मुले आठवी संपवतात आणि त्यांना साधा भागाकार येत नाही, दरवर्षी, जवळपास त्याच प्रमाणात. १४ ते १८ वयोगटासाठी २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत २०२३ मध्ये झालेल्या ‘असर’ पाहणीत हा भागाकार ४३.३ टक्के मुलांना आला. म्हणजे पुढे नववी, दहावी, अकरावी करूनही चित्र फारसे हलत नाही. ‘परख’ची २०२४ ची फेरी, कलासाठी निरुपयोगी असली तरी, त्या एका दिवसापुरती इथे उपयोगी पडते. सहावीतल्या ५३ टक्के मुलांनाच दहापर्यंतचे पाढे आणि मूलभूत क्रिया नीट जमत होत्या. उरलेली मुले तीन वर्षांनी नववीत येतात आणि फळ्यावर परिमेय संख्या लिहिली जाते. दहावीत दिसणारे अपयश दहावीत तयार होत नाही. ते अपूर्णांकाच्या धड्यात तयार होते आणि पुढे फक्त मोजले जाते.

घसरण आणि साचलेपण यांतला फरक शब्दांचा नाही. घसरण म्हटली की अलीकडचा गुन्हेगार शोधला जातो: मोबाइल, नवे पाठ्यपुस्तक, ढकलपास धोरण, करोना, आणि शेवटी स्वतः मूल. उपायही त्याच जातीचे येतात. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने गणित आणि विज्ञानात २० गुण मिळालेल्यांनाही शेरा देऊन अकरावीचा मार्ग खुला करण्याची सूचना पुढे आली, तेव्हा वाद झाला तो दर्जा राखावा की मुलांना सोडवावे यावर. २० गुणांपर्यंतच पोचणारे मूल सहावीत कुठे अडकले होते, हा प्रश्न बाजूलाच राहिला. साचलेपण मान्य केले तर लक्ष आपोआप तिसरी ते सहावीकडे वळते, त्या वर्गांतल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागांकडे वळते, आणि माध्यमिक शाळेत मागे राहिलेल्यांसाठी वेळापत्रकात रोज एक तास राखून ठेवावा लागतो.

कलाविषयी खरे काही बोलायचे असेल तर पुढची फेरी पुन्हा तिसरी, सहावी आणि नववीचीच हवी. २०२४ मधले काही प्रश्न कुलुपात ठेवून तेच पुन्हा विचारले जावेत. शाळांचे प्रकार तेच राहावेत आणि सरकारी, अनुदानित, खासगी, ग्रामीण, शहरी असे गट वेगळे करून प्रत्येकाचा अंक त्रुटीच्या मर्यादेसह छापला जावा. आईवडिलांचे शिक्षण किती, हेही त्या तक्त्यात यावे, म्हणजे वर्गाची घडण बदलल्याचा परिणाम वेगळा काढता येईल. विद्यार्थ्यांची नावे काढून टाकलेली प्रश्ननिहाय उत्तरे संशोधकांना खुली व्हावीत. आणि सर्वेक्षणाचा अंक राज्यांच्या क्रमवारीतून वगळावा, म्हणजे त्याआधीचे आठवडे गोळे रंगवण्याच्या तालमीत न जाता अपूर्णांक शिकवण्यात जातील.